रंग कुठे गळतो? पाल ते प्रोरेस



आजचा विषय रणांगणाचा नाही. रणांगणाच्या आठवणी ज्यात साठवल्या जातात, त्या फितीचा आणि फाईलचा आहे. माजी सैनिकांची मुलाखत दाखवली की एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, छातीवरच्या रिबनची लाल पट्टी शेजारच्या पांढऱ्यात उतरल्यासारखी का दिसते?" प्रश्न रास्त आहे. सैन्यात रिबनचा रंग ही शोभा नसते, ओळख असते. कोणते पदक, कोणती मोहीम, हे त्या अरुंद पट्ट्या सांगतात. रंग बिघडला की पुरावा बिघडतो. आणि या बिघाडाचे मूळ शोधायला आपल्याला थेट १९३८ सालात जावे लागते.

त्या वर्षी जॉर्ज व्हॅलेन्सी या फ्रेंच अभियंत्याने एक कल्पना पेटंटसाठी मांडली. चित्राचा उजेड वेगळा पाठवायचा आणि रंग वेगळा. कृष्णधवल संच फक्त उजेड घेईल, रंगीत संच दोन्ही घेईल. पुढे अमेरिकेत नेमकी हीच अडचण उभी राहिली. लाखो घरांत कृष्णधवल संच होते, ते एका रात्रीत निकामी करता येत नव्हते. १७ डिसेंबर १९५३ रोजी तिथे एनटीएससी ही रंगीत पद्धत मंजूर झाली. तिने रंगाला त्याच जुन्या वाहिनीत, उरलेल्या जागेत बसवले. त्याला आधारही होता. आपला डोळा उजेडातले बारकावे जेवढे टिपतो, तेवढे रंगातले टिपत नाही. म्हणून उजेडाला ऐसपैस जागा आणि रंगाला दाटीवाटीची. त्या दिवसापासून रंग हा मागच्या डब्यातला प्रवासी झाला, तो आजतागायत तिथेच आहे.

एनटीएससीत रंगाची छटा लहरीच्या कलेवर अवलंबून असे. वाटेत कला किंचित सरकली की चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसत. 'कधीच दोनदा सारखा रंग नाही' अशी या पद्धतीच्या नावाची थट्टा अभियंतेच करत. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी १९६३ मध्ये त्यावर तोड दाखवली, ती पाल पद्धत. एक ओळ सोडून पुढच्या ओळीत रंगाचा एक घटक उलटा पाठवायचा. मग दोन शेजारच्या ओळींतल्या चुका एकमेकींना खोडतात. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले तेव्हा आपणही पालच घेतली. छटा स्थिर झाली, पण रंगाचे बारकावे मात्र उजेडापेक्षा कमीच राहिले.

त्याच १९८२ साली डिजिटल व्हिडिओचा पाया घालणारी ६०१ क्रमांकाची आंतरराष्ट्रीय शिफारस आली. उजेडाचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने आणि रंगाच्या दोन घटकांचे प्रत्येकी त्याच्या निम्मे. यालाच ४:२:२ म्हणतात. आठ पिक्सेलचा एक चौकोन धरा, वर चार आणि खाली चार. ४:४:४ मध्ये रंगाच्या प्रत्येक घटकाचे आठ नमुने असतात, ४:२:२ मध्ये चार आणि ४:२:० मध्ये फक्त दोन. म्हणजे ४:२:० मध्ये चार पिक्सेल मिळून एकच रंग वाटून घेतात. रिबनची बारीक पट्टी पडद्यावर दोन-तीन पिक्सेलची असेल, तर तिचा लाल रंग शेजारी ओघळणारच.

१९९५ मध्ये डीव्ही कॅमेरे आले. पाल देशांतल्या डीव्हीत रंग ४:२:० होता. डीव्हीडीतही तेच. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ या कोडेकनेही सर्वसाधारण वापरात तेच ठेवले, आणि तुमच्या-आमच्या फोनमधले चित्रीकरणही बहुतेक तसेच असते. कोडेक म्हणजे चित्र दाबून बांधण्याची आणि पुन्हा सोडण्याची रीत. यात कोणाची लबाडी नाही. प्रेक्षकापर्यंत चित्र पोचवायला ही बांधणी उत्तम आहे. गोम अशी की एडिटिंग म्हणजे पोचवणे नव्हे. तिथे गाठोडे सोडायचे, आतला माल बदलायचा आणि पुन्हा बांधायचे असते. दरवेळी थोडा रंग गळतो. शिवाय ८ बिटमध्ये प्रत्येक घटकाला २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. फिकट आभाळ थोडे गडद करायला गेलात की ८ बिटच्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात.

दुसरा धोका लेबलचा. ६०१ मध्ये उजेड मोजताना हिरव्याचा वाटा ०.५८७ आहे. एचडीसाठी १९९० मध्ये आलेल्या ७०९ क्रमांकाच्या शिफारशीत तो ०.७१५२ आहे. जुनी कॅसेट ६०१ ने बांधलेली आणि सॉफ्टवेअरने ती ७०९ समजून सोडली, तर ऑलिव्ह ग्रीन गणवेशाची छटा सरकते. तसेच व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. कोणी ही पट्टी ० ते २५५ समजून वाचली की काळा राखाडी होतो, चित्र धुतल्यासारखे दिसते. इथे माल शाबूत असतो, फक्त त्यावरची चिठ्ठी चुकीची असते. रसद चुकीच्या चौकीवर उतरावी, तसाच हा प्रकार.

या दुखण्यांवर संपादकांसाठी वेगळे कोडेक निघाले. २००४ मध्ये ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी आणि २००७ मध्ये ॲपलचा प्रोरेस ४२२. यांत रंग ४:२:२ राहतो, आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र बांधलेली असल्याने कापणेही सोपे. प्रोरेस १० बिट आहे. डीएनएक्सएचडीत ८ आणि १० असे दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा नाव पाहून थांबू नका, बिटही पाहा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. फोनची ४:२:० फाईल प्रोरेसमध्ये बदलली म्हणून गेलेला रंग परत येत नाही. पुढची गळती तेवढी आटोक्यात राहते.

म्हणून माझा सल्ला तीन आज्ञांचा. पहिली : कॅमेऱ्यातून किंवा कॅसेटमधून आलेली मूळ फाईल तशीच, न बदलता, दोन ठिकाणी जपा. दुसरी : काम १० बिट ४:२:२ मध्ये करा, आणि सुरुवातीलाच ६०१ की ७०९, आणि उजेडाची पट्टी कोणती, हे तपासून लिहून ठेवा. तिसरी : एच.२६४ अगदी शेवटी, फक्त प्रेक्षकासाठी, आणि एकदाच.

खर्चाचे म्हणाल, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या एचडीत प्रोरेस ४२२ ला तासाला साधारण ५५ जीबी लागतात. डीव्हीला १३ लागत. फरक चौपट आहे, मान्य. पण १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीत आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपली माणसे आहेत, तिथे अशा घरांत कॅसेटी कपाटात पडून आहेत आणि माणसेही अजून बोलायला तयार आहेत. डिस्क पुन्हा विकत घेता येते. ती मुलाखत पुन्हा घेता येईलच असे नाही. १९५३ मध्ये जागा वाचवणे ही गरज होती. आज आपल्या हाती तेवढी टंचाई नाही, तेव्हा निदान कामाच्या टेबलावर तरी रंगाला पुढच्या डब्यात बसवू या.

जय हिंद!