चार मिनिटांचा व्यायाम आणि पाचवा दिवस

मी पीएचडीला नुकतीच लागले होते तेव्हाची गोष्ट. बाबांचा साताऱ्याहून फोन आला. "अगं, तबाता म्हणून काहीतरी व्यायाम आहे. चार मिनिटं केला की तासाभराच्या व्यायामाइतका फायदा होतो म्हणे. खरं आहे का? तुझं शास्त्र काय सांगतं?" बाबा तेव्हा रोज संध्याकाळी पाऊण तास चालायचे. मी मूळ शोधनिबंधाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट शोधला, दोन मिनिटांत वाचला आणि सांगून टाकलं, "हो बाबा, जपानमध्ये प्रयोग झालाय." दुसऱ्या दिवसापासून बाबांनी चालणं बंद केलं आणि मोबाईल लावून उठाबशा आणि उड्या सुरू केल्या.

पुढच्या महिन्यात आमच्या विभागाच्या जर्नल क्लबमध्ये मी तोच निबंध सादर केला. स्लाइड्स छान होत्या. शेवटी एका सीनियरने एवढंच विचारलं, "आठवड्याच्या पाचव्या दिवशी त्या मुलांनी काय केलं?" मला सांगता आलं नाही. मी मेथड्सचा भाग नीट वाचलाच नव्हता. आजची पोस्ट त्या पाचव्या दिवसाबद्दल आहे.

तबाताच्या आधी

थोडा वेळ जीव तोडून व्यायाम, थोडी विश्रांती, पुन्हा तेच. याला आज हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, थोडक्यात 'हिट' म्हणतात. कल्पना मात्र जुनी आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी धावपटूंच्या सरावात धाव आणि विश्रांती यांचं गणित नाडीच्या ठोक्यांवरून बसवलं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. हा विक्रम १९५५ पर्यंत टिकला. पुढे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून सराव करायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यातल्या कुणालाही वेळ वाचवायचा नव्हता. विश्रांतीचे तुकडे पाडले की जोराचं काम एकूण जास्त करता येतं, हा त्यांचा हिशोब होता. १९६० मध्ये स्टॉकहोममध्ये इर्मा ऑस्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी हाच हिशोब प्रयोगशाळेत तपासला. सायकलवरचा भार तोच, तासाभरातलं एकूण काम तेवढंच, फक्त तुकड्यांची लांबी वेगळी. तीन-तीन मिनिटांचे तुकडे केले तर माणूस पार थकून जाई आणि रक्तातलं लॅक्टेट खूप वाढे. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे केले तर तेच काम त्याला सहज झेपे.

१९९६ चा निबंध

आता जपान. तिथल्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक कोइची इरिसावा आपल्या खेळाडूंकडून २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती असा सराव करून घेत. तो का उपयोगी पडतो हे तपासायचं काम इझुमी तबाता यांच्याकडे आलं. म्हणजे पद्धत प्रशिक्षकाची, मोजमाप शास्त्रज्ञाचं, आणि नाव राहिलं शास्त्रज्ञाचं. हे तबातांनी स्वतःच नंतर सांगितलं आहे.

कानोया इथल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रयोग झाला. दोन गट, प्रत्येकी ७ जण, सगळे शारीरिक शिक्षण शिकणारे तरुण. पहिल्या गटाने ६ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, रोज ६० मिनिटं मध्यम जोराने सायकल चालवली. दुसऱ्या गटाने २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती अशी ७ ते ८ आवर्तनं केली. त्यातला जोर होता व्हीओटू मॅक्सच्या १७० टक्के. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते माप. १७० टक्के म्हणजे त्या मापाच्या १.७ पट प्राणवायू लागेल इतका भार. उरलेली ऊर्जा स्नायूंना प्राणवायूशिवाय काढावी लागते. आठव्या आवर्तनापर्यंत पाय थांबतात, ते यामुळे.

पहिल्या गटाचा व्हीओटू मॅक्स ५३ वरून ५८ झाला (एकक: किलो वजनामागे मिनिटाला मिलिलीटर). प्राणवायूविना ऊर्जा काढण्याची क्षमता मात्र लक्षणीय वाढली नाही. दुसऱ्या गटाचा व्हीओटू मॅक्स ७ ने वाढला आणि ती दुसरी क्षमताही २८ टक्के वाढली. एकाच सरावाने दोन्ही वाढल्या, हा या निबंधाचा खरा शोध. त्यातून बाहेर मात्र एवढंच पोचलं: 'चार मिनिटं बरोबर एक तास.'

पाचवा दिवस

मेथड्समध्ये काय लिहिलंय बघा. दुसऱ्या गटाने तो दमवणारा सराव आठवड्यातून चारच दिवस केला. पाचव्या दिवशी त्यांनी ३० मिनिटं मध्यम जोराने सायकल चालवली आणि त्यानंतर फक्त ४ आवर्तनं केली. शिवाय रोजच्या सरावाआधी १० मिनिटांचा वॉर्मअप होता. म्हणजे ज्या निबंधाच्या नावावर 'फक्त चार मिनिटं' विकलं जातं, त्यातल्या मुलांनीसुद्धा फक्त चार मिनिटं व्यायाम केलेला नाही. संथ व्यायाम त्या वेळापत्रकात होताच.

अजून तीन गोष्टी मी तेव्हा पाहिल्या नव्हत्या. एक, हे दोन वेगळे प्रयोग होते. एकाच समूहातून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, असं झालेलं नाही. दुसऱ्या गटाची सुरुवात कमी व्हीओटू मॅक्सपासून झाली होती, आणि ज्याची सुरुवात खालून होते त्याला वाढायला जागा जास्त असते. त्यामुळे ५ आणि ७ हे आकडे शेजारी ठेवून 'कोण जिंकलं' म्हणता येत नाही. दोन, वजन, रक्तदाब, साखर यांतलं काहीच या निबंधाचा प्रश्न नव्हतं. तीन, विशीतल्या खेळाडू मुलांवरचा निष्कर्ष साठीच्या माणसाला लावताना मध्ये बराच पूल बांधावा लागतो. मी तो न बांधताच बाबांना पलीकडे पाठवलं.

पुढे काय झालं

२००५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने दोन आठवड्यांत फक्त ६ वेळा ३० सेकंदांच्या स्प्रिंट करून घेतल्या. ठरावीक भारावर सायकल चालवत राहण्याचा वेळ साधारण दुप्पट झाला, पण त्या दोन आठवड्यांत व्हीओटू पीक वाढला नाही. 'फिटनेस' म्हणजे एकच आकडा नसतो, हे यातून शिकण्यासारखं आहे.

नॉर्वेत ट्रॉनहाइमला तर ७० ते ७७ वयाच्या १,५६७ जणांवर ५ वर्षं अभ्यास झाला. २०२० मध्ये निकाल आला: मृत्यूचं प्रमाण हिट गटात ३.० टक्के, मध्यम व्यायामाच्या गटात ५.९ आणि तुलनेच्या गटात ४.७. आकडे बघून हिटचा जयजयकार करावासा वाटतो. पण व्यायामाचे दोन्ही गट मिळून आणि तुलनेचा गट यांच्यात फरक आढळला नाही, आणि तुलनेच्या गटातली माणसंही चांगलीच हिंडती-फिरती होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी म्हणूनच मिश्र आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, किंवा दोन्हींचं मिश्रण, आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. हिटला यात जागा आहे, पण बाकीच्यांची जागा ते भरून काढत नाही.

तुमच्यासाठी

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा ज्या निबंधावर सगळा डोलारा उभा करणार आहात, त्याच्या मेथड्समधून चार गोष्टी वहीत उतरवून काढा: कोण, किती जण, कुणाशी तुलना, आणि वेळापत्रकातला प्रत्येक दिवस. तुमच्या वाक्यात 'फक्त' हा शब्द आला असेल तर तो मूळ निबंधात आहे का, हेही बघा.

जर्नल क्लबच्या त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. तोवर उड्या मारून बाबांनी गुडघा धरला होता. "बाबा, माझं उत्तर अर्धवट होतं," म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे चालायला लागू?" गुडघा बरा झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, ते पुन्हा चालायला लागले. आता आठवड्यातून दोनदा अजिंक्यताऱ्याच्या चढावर थोडं झपाझप चालतात, धाप लागली की थांबतात, पुन्हा चालतात. बाकीचे दिवस नेहमीचा पाऊण तास.