झोपेची ‘नैसर्गिक’ गमी किंवा कॅप्सूल विकत घ्यावी का? पैसे भरण्याआधी एवढं तपासा

रात्री दीड वाजले तरी डोळा लागत नाही म्हणून फोन हातात घ्यावा, तर नेमकी जाहिरात समोर येते: ‘१०० टक्के नैसर्गिक, सवय लागत नाही, गाढ झोप.’ मेलाटोनिनच्या गमी, अश्वगंधाच्या कॅप्सूल, तगर-जटामांसीचा चहा. हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घरपोच मिळतं. पण त्याचा उपयोग किती होतो?

मेलाटोनिन: सरासरी ७ मिनिटं

मेलाटोनिन हे मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून स्रवणारं संप्रेरक आहे. अंधार पडला की ते वाढतं आणि ‘रात्र झाली’ असा निरोप शरीराला मिळतो. म्हणूनच जेट लॅगमध्ये, म्हणजे शरीराचं घड्याळ चुकलेलं असताना, त्याचा उपयोग होतो. रोजच्या निद्रानाशात मात्र फार अपेक्षा ठेवू नका. २०१३ मध्ये १९ अभ्यासांचे, एकूण १,६८३ जणांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. औषध नसलेली, फक्त तशी दिसणारी गोळी घेणाऱ्यांपेक्षा मेलाटोनिन घेणाऱ्यांना सरासरी ७ मिनिटं लवकर झोप लागली आणि त्यांची एकूण झोप ८ मिनिटांनी वाढली.

अश्वगंधा आणि तगर

अश्वगंधाच्या ५ चाचण्यांचा, ४०० जणांचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत सुधारणा दिसली, पण ती लहान होती. निद्रानाश असलेल्यांना, दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क किमान ८ आठवडे घेतल्यावर फरक अधिक जाणवला. त्यामुळे ‘पहिल्याच रात्री परिणाम’ असा दावा दिसला तर सावध व्हा.

तगर ही युरोपातल्या व्हॅलेरियनच्या कुळातली वनस्पती. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट निद्रानाशासाठी व्हॅलेरियन आणि मेलाटोनिन दोन्ही वापरू नयेत, असं सुचवलं आहे. पुरावा पुरेसा नाही, हे त्यामागचं कारण.

लेबलवर काय पाहाल?

- प्रत्येक घटकाचं प्रमाण: दहा वनस्पतींची नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं असेल, तर कामाचा घटक चिमूटभरही असू शकतो. असा डबा परत ठेवा.
- परवाना: पूरक आहार असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा. पण परवाना म्हणजे विकायची मुभा. त्या डब्यातल्या मालाने झोप येते हे सिद्ध झालं, असा त्याचा अर्थ होत नाही. पूरक आहाराच्या लेबलवर तर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापावीच लागते.
- छापलेला आकडा खरा का? अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ गमी प्रयोगशाळेत तपासल्या. २२ गमींचं लेबल चुकीचं निघालं आणि एकीत मेलाटोनिन नव्हतंच. त्यामुळे त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल देणारी कंपनी त्यातल्या त्यात बरी.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

नाही. झोपताना दुधात चिमूटभर जायफळ आपल्याकडे घरोघरी घालतात, पण तेच जायफळ जास्त झालं तर धडधड, उलट्या आणि भास होऊ शकतात. अश्वगंधामुळे यकृताला इजा झाल्याच्या मोजक्या पण खऱ्या नोंदी आहेत. थायरॉइड, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर, तर मेलाटोनिन रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिलांनी या गोष्टी टाळाव्यात. गमी चॉकलेटसारखी लागते, म्हणून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

मग विकत घ्यावी का?

प्रवासामुळे झोपेची वेळ बिघडली असेल आणि दुसरी औषधं सुरू नसतील, तर थोडे दिवस कमी मात्रेचं मेलाटोनिन घेऊन पाहायला हरकत नाही. इतर बहुतेकांनी आधी फुकटचे उपाय करून बघावेत: रोज एकाच वेळी उठणं, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, फोन अंथरुणाबाहेर. कॉफीतलं निम्मं कॅफीन शरीरात साधारण ५ तास टिकतं.

आठवड्यात ३ किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असं ३ महिने चाललं असेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार म्हणून तज्ज्ञ संघटना झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी समुपदेशनाची पद्धत सुचवतात. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं, सततची उदासी यांपैकी काही असेल, तर नवा डबा मागवण्याऐवजी डॉक्टरांची वेळ घ्या. गमी संपेपर्यंत थांबलात, तर मूळ आजार तेवढे दिवस उपचाराविना राहतो.