हिंगूळ, हरताळ आणि एकतीस

पालीतल्या एका घरी आम्हांला एक हस्तलिखित पोथी पाहावयास मिळाली. मजकूर काजळीच्या शाईचा. ओव्यांचे आकडे, दंड आणि अध्यायसमाप्ती मात्र हिंगुळाने तांबडी. दोन-तीन ठिकाणी पिवळट लेप व त्यावर पुन्हा काळी अक्षरे. हा लेप हरताळाचा. चूक झाली की लेखनिक तीवर हरताळ फासून वर शुद्ध अक्षर लिही. 'वचनाला हरताळ फासणे' हा वाक्प्रचार येथलाच. (बंद पाळण्याचा 'हरताळ' हाटाला ताळे या अर्थाचा, निराळा शब्द.) भारतीय शाईच्या इतिहासावर लिहिणारे, भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे (१८९१–१९६१) याच जिल्ह्यातील देवरुखचे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

संगणकाच्या टर्मिनलला लेखणी बदलता येत नाही. तेथे अक्षरांच्याच रांगेत एक न दिसणारी सूचना घालतात: 'एस्केप' हे २७ क्रमांकाचे चिन्ह, मग चौकटी कंस, आकडा आणि शेवटी रोमन 'एम'. ३१ म्हणजे तांबडे, ३३ पिवळे, ० म्हणजे पूर्ववत. अशा सूचनांची मांडणी १९७९ च्या अमेरिकन प्रमाणकात होती. शून्य द्यावयाचे राहिले तर पुढचा सारा मजकूर तांबडाच उमटतो! भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या 'इस्की' प्रमाणकातही असे एक गुणदर्शक चिन्ह होते. ठळक, तिरपे, अधोरेखित, इतकेच नव्हे तर लिपीसुद्धा त्याने बदलता येई. युनिकोडने अक्षराला क्रमांक दिला, रंग मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवला.

याचा फटका आम्हांला बसला. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या पोथीच्या कृष्णधवल छायाप्रतीवरून युनिकोडमध्ये पाठ उतरविला. अक्षरे बिनचूक होती. परंतु हिंगूळ काळा झाला, हरताळ नाहीसाच झाला. लेखनिकाने थांबून सुधारलेला शब्द आता पहिल्याच झटक्यात लिहिल्यासारखा दिसू लागला. आणि पाठचिकित्सेला तर तेच थांबणे हवे असते. एका ठिकाणी तांबड्यातील समाप्तिवाक्य ओवीचा चौथा चरण म्हणून वाचले गेले, त्यावर वर्गात छंदाची चर्चाही रंगली.

आम्ही पोथी पुन्हा मागून आणली. आता विद्यार्थी प्रत्येक तांबड्या भागाच्या आधी व नंतर कंसात खूण घालतात आणि हरताळाची जागा वेगळ्या खुणेने दाखवितात. मिटवणारी खूण घालावयास ते अजूनही विसरतात.