शमीवरचे धनुष्य

विराटपर्वातील एक लहानसा प्रसंग आम्ही बालपणापासून अनेकदा ऐकत आलो. अज्ञातवासात कोणी कोणते सोंग घ्यावयाचे याविषयी पांडवांची बोलणी चालली असता अर्जुन म्हणतो की, मी बृहन्नडा होऊन अंतःपुरात नृत्यगायन शिकवीन, आणि धनुष्याच्या दोरीने माझ्या दोन्ही हातांवर पडलेले घट्टे वलयांनी झाकून टाकीन. देवळातले हरिदासबुवा येथे बांगड्या भरलेल्या अर्जुनाची नक्कल करीत आणि सारा सभामंडप हसे. घट्ट्यांचा उल्लेख त्या हशात बुडून जाई. आम्हीही हसत असू. त्या उल्लेखाचा अर्थ कळावयास वयाची बेचाळीस वर्षे उलटावी लागली. तो कळला माघातल्या एका सकाळी, निपाणीच्या परिसरात तंबाखू निघून गेलेल्या मोकळ्या रानात, बांबूच्या कमठ्याची दोरी सुटताना डाव्या हाताच्या आतल्या अंगावर चाबकासारखी बसली तेव्हा. मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ उठला आणि चार दिवस राहिला. तेव्हा प्रथम ध्यानात आले की साधा धनुर्धर एकाच हातावर ही खूण बाळगतो. दोन्ही हातांवर ती असणे ही सव्यसाचीची, दोन्ही हातांनी बाण सोडणाऱ्याची, ओळख होय. बांगड्या केवळ स्त्रीवेषाच्या शोभेसाठी नव्हत्या. त्या नसत्या तर विराटाच्या दरबारात कोणत्याही जाणत्या योद्ध्याने त्याला ओळखले असते.

या वयात हा नाद कोठून लागला, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. गोव्याकडून आलेल्या आमच्या मावशींनी तर अंगणात कमठा पाहताच कपाळाला हात लावला. "आतां ह्या पिरायेर हें कित्याक रे बाबा?" खरे उत्तर इतकेच की ज्या कथा आम्ही देवळात ऐकतो त्या धनुष्यावाचून पुढे सरकत नाहीत, आणि ऐकणाऱ्या शंभरांत एकानेही आयुष्यात धनुष्य ओढलेले नसते, ही गोष्ट आम्हांस बोचू लागली होती. बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात तालमींस तोटा नाही. लाठी, पट्टा, मर्दानी खेळ कोल्हापुराहून इकडे येतात. तीरकमठा शिकविणारा मात्र आम्हांस कोठे आढळला नाही. खानापूरच्या बाजूचा बांबू, एका बुरुडाने तासून दिलेली काठी, सुताची पिळदार दोरी आणि कडब्याच्या पेंढ्यांचे लक्ष्य, एवढ्यावर आमचा आरंभ झाला. पहिले दोन कमठे आठ दिवसांत मोडले.

वळ उठल्यावर आम्ही पुन्हा पोथ्यांकडे गेलो. रामायण-महाभारतात योद्ध्यांच्या वर्णनात गोधा आणि अंगुलित्राण बांधल्याचा उल्लेख वारंवार येतो. गोधा म्हणजे घोरपड. आमच्या जुन्या वाचनात हा शब्द तसाच ओलांडला जाई, नाहीतर कोणी घोरपडीच्या कातड्याचे चिलखत असा मोघम अर्थ सांगे. वस्तुतः हे दोरीच्या फटक्यापासून डावा हात राखणारे चामड्याचे वेष्टन होय, आणि अंगुलित्राण हे दोरी ओढणाऱ्या बोटांचे. वहाणांच्या कातड्याची आमच्या भागात वाण नाही. एक वीतभर तुकडा हातास बांधताच आम्हांस वाटले की शब्दकोशाने जे केले नसते ते एका चर्मकाराने केले.

अंगठ्याची गोष्ट याहून मोलाची आहे. हल्लीच्या स्पर्धांत जे धनुष्य दिसते त्यातील रूढ प्रकारात दोरी तर्जनी, मध्यमा व अनामिका या तीन बोटांनी ओढून हनुवटीखाली टेकवितात. अंगठ्यास तेथे काम नाही. आम्हीही आरंभी चित्रे पाहून तसेच करीत होतो. मग वसिष्ठाच्या नावावर असलेली धनुर्वेदसंहिता हाती आली. तीत दोरी धरण्याच्या पाच मुष्टी दिल्या आहेत: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी आणि काकतुंडी. या नावांचे भारदस्तपण बाजूस ठेवून वर्णन पाहिले असता पाचही मुष्टी अंगठा व तर्जनी एकमेकांस कशी भिडवावी याच्याच आहेत असे दिसते. दोरी अंगठ्याच्या वाकात धरावयाची, तर्जनीने तो दाबून ठेवावयाचा, आणि बाण कमठ्याच्या उजव्या अंगास ठेवावयाचा. मोगल बादशहांच्या संग्रहांत अंगठ्यात घालावयाच्या ज्या संगयशबाच्या रत्नजडित अंगठ्या आढळतात त्या याच रीतीच्या. अशा रीतीने ओढले की हात हनुवटीशी न थांबता सहज कानामागे जातो. कीर्तनकार आकर्ण ओढिला चाप असे म्हणतात तेव्हा ती काव्यातली अतिशयोक्ती नसून व्यवहारातले माप आहे.

हे साधल्यावर एकलव्याची कथा आम्ही पुन्हा वाचली आणि वाचवेना. द्रोणांनी अंगठाच का मागितला, हा प्रश्न आम्ही कधी केलाच नव्हता. हाताचा एक अवयव, एवढेच मनात होते. परंतु ज्या विद्येत सारे बळ अंगठ्याच्या एका पेरावर तोलले जाते तेथे तो मागणारा गुरू काय मागत आहे हे पुरते जाणून होता. भिल्लांमध्ये आजही बाण सोडताना अंगठा लावीत नाहीत आणि त्याचे कारण एकलव्य सांगतात. ज्या विद्येचे ग्रंथ आम्ही सोवळ्यात गुंडाळून ठेविले, तिचा हात मात्र बेरड, भिल्ल यांसारख्या रानावनातल्या लोकांनी राखला, आणि त्यांना आम्ही देवळाच्या पायरीशी किती जवळ येऊ दिले हे वाचकांस ठाऊकच आहे.

धनुर्विद्या आमच्या प्रांतातून गेली कशी, याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते: इंग्रजांनी हत्यारे काढून घेतली. ते अर्धे खरे आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात तिचा मान मोठा होता. सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० मध्ये रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये शस्त्रविनोदास स्थान दिले आहे. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर गाईंच्या रक्षणार्थ धनुष्य घेऊन उभा ठाकलेला, अंगात बाण रुतलेला वीर दिसतो. गाई पळवून नेणे, ज्यास कानडी शिलालेखांत तुरुगोळ म्हणतात, हे त्या काळचे नेहमीचे युद्धकारण. विराटपर्वातले गोग्रहण म्हणजे तरी दुसरे काय? परंतु सतराव्या शतकाअखेर चित्र पालटले होते. १७०५ मध्ये औरंगजेबाने बेरडांच्या वाकिनखेड्यास वेढा घातला, तेव्हा बादशाही फौजेस जेरीस आणले ते बेरडांच्या अचूक बंदुकांनी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकाऱ्यांनीच तोपर्यंत बंदूक पत्करली होती. धनुष्य ओढावयास वर्षे लागतात, बंदूक काही आठवड्यांत हाताळता येते. येथेच निकाल लागला.

इंग्रजांचा घाव त्यानंतरचा आहे. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याप्रमाणे हत्यारे देण्यास मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी नकार दिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज गावावर चालून गेली, गाव जाळले गेले आणि कित्येकांना फाशी झाली. त्या बंडावरचा कानडी पोवाडा पुढे जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानेच मिळवून प्रसिद्ध केला, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत तोफा, बंदुका, तरवारी, भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणही नाव घेऊन घातले. युद्धातून आधीच उठलेली विद्या खेळ म्हणून जगली असती. अनेक देशांत ती तशी जगली. येथे तो मार्गही अरुंद झाला.

हातातून गेलेली वस्तू जिभेवर मात्र राहिली. आमच्या ज्योतिषगणितात वर्तुळाचा खंड तो चाप, त्यास जोडणारी रेघ ती ज्या, आणि मधले अंतर तो शर. ज्या हा शब्द जीवा या रूपाने अरबांकडे गेला व तेथून लॅटिनमध्ये शिरताना चुकीच्या वाचनाने साइन झाला, हे शाळकरी मुलांस कोणी सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ९६ अंगुळांचा, म्हणजे चार हातांचा, एक धनु हे लांबीचे माप आहे. आणि आमच्या कोकणी वाचकांस तर परशुरामाचा बाण विसरता येणार नाही. सह्याद्रीवरून सोडलेल्या त्याच्या बाणाने सागर मागे हटला व कोकणभूमी वर आली, आणि बाण पडला ती बाणावली, अशी परंपरा आहे. मलबारात हीच कथा परशू फेकण्याची सांगतात. बाणाचा आग्रह आपल्या बाजूचा. त्याची माता रेणुका सौंदत्तीच्या डोंगरावर आहे, आणि निपाणी-कोल्हापुराकडील भाविक दरवर्षी तिच्या दर्शनास जातात. तेव्हा या विद्येस आपल्या मुलखात परकी म्हणण्याचे कारण नाही.

एक विनोदही सांगून टाकू. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या अध्यायांत धनुष्याचे युद्ध श्रेष्ठ, भाल्याचे मध्यम, तरवारीचे त्याखाली आणि बाहुयुद्ध सर्वांत कनिष्ठ ठरविले आहे. हे आम्ही एका तालमीत भाबडेपणाने बोलून बसलो. वस्तादांनी शांतपणे आमच्या दंडास हात लावून पाहिला आणि पुराणकाराने बहुधा कुस्ती पाहिली नसावी, असे मत दिले. त्या दंडाच्या मानाने ते मत आम्ही निमूटपणे मान्य केले.

दक्षिणेत विराटनगरीचा मान दोन गावे सांगतात. उत्तरेस कृष्णाकाठची वाई, दक्षिणेस कदंबांचे हानगल. आमचा सीमाभाग या दोहोंच्या मध्ये. त्यातील वाईच्या जिल्ह्यात धनुष्य पुन्हा शमीवरून खाली उतरले आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिकात देशातर्फे खेळले, आणि ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे सातारा जिल्ह्याच्याच आदिती स्वामी हिने वयाच्या सतराव्या वर्षी जागतिक अजिंक्यपद मिळविले. तिचा सराव उसाच्या रानात केलेल्या मैदानावर झाला. तिचे धनुष्य चाकांचे, दोरी सोडणारी कळ यंत्राची. आमच्या बांबूशी त्याचे नाते दूरचे. पण ऊस येथेही आहे आणि रानेही आहेत. निपाणीहून साताऱ्यास महामार्गाने तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते.

गेल्या खंडेनवमीस घरातील शस्त्रपूजेत विळी, अडकित्ता, नातवाची सायकल यांच्या ओळीत आम्ही कमठाही ठेविला. मावशींनी त्यावर झेंडूचे फूल वाहिले, आणि मग आम्ही पाहत नाही असे समजून दोरी बोटाने छेडून पाहिली. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाहून परतताना शेजारची दोन मुले मागे लागली की आम्हांस शिकवा. आमचा स्वतःचा बाण अजून दहांत चार वेळा पेंढीस लागतो, हे त्यांना सांगितले तरी ती हटेनात. त्यांच्या बोटांच्या मापाची कातडी आणून ठेविली आहेत. रानात सध्या तंबाखू उभी आहे. माघात ते मोकळे होईल.