बंद दाराची दिंडी

जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजातच एक लहान दिंडी असे. रात्री दरवाजाला अडसर पडला तरी आल्यागेल्याची विचारपूस दिंडीतून होई. हाकेला ओ देणे आणि दार उघडणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे देवडीवरच्या पहारेकऱ्याला पक्के ठाऊक असे. भ्रमणध्वनीच्या कुलुपाचा, म्हणजे लॉक स्क्रीनचा, अल्पसा इतिहास पाहताना आम्हांला या दिंडीची वारंवार आठवण झाली.

संगणक बंद केला की बंद होतो. फोनचे तसे नाही. कुलूपबंद असतानाही तो वाजला पाहिजे, उचलता आला पाहिजे आणि संकटकाळी कोणालाही त्यावरून मदत मागता आली पाहिजे. म्हणजे कुलुपातच अपवाद आला, आणि चोरवाट बहुधा तेथूनच निघाली. २००८ साली आयफोनवर आपत्कालीन कॉलच्या पडद्यावर जाऊन होमचे बटण दोनदा दाबले की सांकेतिक अंकांवाचून निवडक संपर्कांची यादी उघडे, आणि तेथून पत्रव्यवहारापर्यंत पोचता येई. २०१३च्या फेब्रुवारीत त्याच आपत्कालीन कॉलच्या वाटेने आयफोनचे कुलूप पुन्हा चकवले गेले.

येथवर दिंडी निदान घरच्याच पहारेकऱ्याच्या ताब्यात होती. कॉलिंग अॅप आली आणि ती परक्यांच्या हाती गेली. आपला कॉलही नेहमीच्या कॉलसारखाच दिसावा म्हणून कुलुपावर स्वतःची खिडकी उघडण्याची मुभा अँड्रॉइडने या अॅपना दिली. २०१३च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाममधील बीकाव्ह या कंपनीने दाखवून दिले की, बंद फोनवर आलेल्या व्हायबरच्या संदेशखिडकीशी थोडी खटपट करून मागे जाण्याचे बटण दाबले की सारा फोनच खुला होतो. पुढे कोसोव्होतील एका तरुण संशोधकाला स्काइपमध्ये असाच दोष आढळला. बंद फोनवरचा स्काइप कॉल उचलणाऱ्याला त्याच खिडकीतून छायाचित्रे व संपर्क पाहता येत, इतकेच नव्हे तर ब्राउझरही उघडता येई. डिसेंबर २०१८मध्ये तो दुरुस्त झाला.

या दोन्ही प्रकारांत फोन हाती असावा लागे. म्हणजेच घुसखोर जवळचा असण्याचाच संभव अधिक: सहकारी, सहनिवासी, कधी घरातलेच माणूस. ज्याच्यापासून आपले खाजगीपण जपावे म्हणून कुलूप घातले, नेमक्या त्याच्याच हाती किल्ली पडत होती.

२०१९च्या जानेवारीत प्रश्न आणखी खोल गेला. ॲपलच्या फेसटाइमवर घंटी वाजत असतानाच, कॉल करणाऱ्याने त्या समूहसंभाषणात स्वतःचाच क्रमांक जोडला, की समोरच्याने फोन उचलण्यापूर्वीच तिकडचा आवाज इकडे ऐकू येई. येथे फोनला हात लावण्याचीही गरज उरली नाही. ॲपलने समूहसंभाषणाची सोय काही काळ बंदच ठेवली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधील नॅटली सिल्व्हानोविच यांनी त्यानंतर सात अॅप तपासली. सिग्नल, डुओ, फेसबुक मेसेंजर, मोका आणि आपल्याकडील जिओचॅट या पाचांत संमतीवाचून ध्वनी वा चित्र बाहेर जाऊ देणारे दोष त्यांना सापडले. ते सारे दुरुस्त झाल्यावर, जानेवारी २०२१मध्ये, त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हे दोष सुधारले गेले, त्यामुळे इतिहास संपला असे वाटणे शक्य आहे. आम्हांला तसे वाटत नाही. अॅप बदलली, वर्षे बदलली, पण प्रमाद एकाच जातीचा राहिला. कोणी हाक मारली म्हणजे घरधन्याने होकारही दिला, असे यंत्राने परस्पर धरून चालावे, हा तो प्रमाद. संमतीचा क्षण कोणता, याचे उत्तर आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी द्यावे लागते. ते संदिग्ध राहिले, तर कुलूप कितीही भक्कम असले तरी दिंडी उघडीच राहते.