मजुरांच्या पैशावर चाललेले रुग्णालय

इस्पितळाच्या दारावर दात्याचे नाव कोरलेले आपण नेहमी पाहतो. पण इमारत एकदाच बांधावी लागते. आतला दिवा रोज कोणाच्या पैशाने जळतो, हे त्या शिळेवर लिहिलेले नसते. वेल्समधील ट्रेडेगर या कोळसा-लोखंडाच्या गावातील रुग्णालयाचा इतिहास आम्ही सांगतो आहोत तो एवढ्यासाठीच.

हे रुग्णालय १९०४ साली उघडले. पुढे ते ट्रेडेगर जनरल हॉस्पिटल म्हणून ओळखले गेले. जागा लॉर्ड ट्रेडेगर यांची. चालवण्याचा खर्च मात्र खाणीतल्या व पोलादाच्या कामगारांनी उचलला. त्याच गावात १८९०च्या सुमारास कामगारांची वैद्यकीय साहाय्य संस्थाही निघाली होती. मजुरीतून पौंडामागे तीन पेन्स, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांप्रमाणे ऐंशीवा हिस्सा, कापला जाई. त्यातून सगळ्या कुटुंबाला डॉक्टर व औषध मिळे. डॉक्टर संस्थेचा पगारी नोकर असे. ज्याची वर्गणी त्याचा कारभार, असा तो रोकडा न्याय होता.

अन्यूरिन बेव्हन हा याच गावचा. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला हा मुलगा १९२९-३० साली या रुग्णालयाच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि १९४५ साली ब्रिटनचा आरोग्यमंत्री. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गावाने आपल्यापुरते केले होते ते आता राष्ट्राने सर्वांसाठी करायचे ठरवले.

वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आमची उमर गेली. म्हणून आम्हाला ठाऊक आहे की, घरात आजार शिरतो त्याच महिन्यात वर्गणी थकते. वर्गणीची ही अट १९४८ साली गेली. खर्चाचा मुख्य भार करांवर आला आणि बेकाराला व विधवेलाही उपचाराचा हक्क मिळाला. पण त्याच दिवशी रुग्णालयाचा कारभार गावच्या समितीच्या हातून सरकारने नेमलेल्या मंडळांकडे गेला. हक्क वाढला, हुकमत गेली. हा सौदा आमच्या मते योग्यच होता. मात्र फुकटचा नव्हता.

२०१० साली ते रुग्णालय बंद झाले. शेजारच्या एबू व्हेल गावी त्याच वर्षी नवे उघडले, त्याला बेव्हनचे नाव आहे. पौंडामागे तीन पेन्स देणाऱ्यांची नावे कोणत्या शिळेवर कोरायची? ती शिळा कोठेच मावणार नाही. म्हणूनच त्यांची आठवण आपण येथे काढली.