बसल्या बसल्या

लहानपणी उदगीरला आजीकडे गेलो की संध्याकाळी ती हमखास भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसलेली दिसायची. शेजारी परातीत सरकी काढलेला कापूस, वाटीत चुलीतली राख. राखेत बोटं बुडवायची, कापूस ओढायचा, पोटरीवर ठेवून तळव्यानं वळायचा. झाली वात. "किती वळल्यास गं?" विचारलं तर म्हणायची, "मोजायचं काय त्यात? बसल्या बसल्या हाताला चाळा."

पुढे मोबाइलवर अथेन्सच्या संग्रहालयातल्या एका वस्तूचा फोटो पाहिला आणि आजीच आठवली. भाजक्या मातीची, मोठ्या कौलासारखी, गुडघा आणि मांडी झाकणारी वस्तू. नाव एपिनेट्रॉन. ती मांडीवर ठेवून तिच्या खरखरीत पाठीवर ग्रीक बाया लोकर घासत आणि तिचे पेळू करत. पेळूचं सूत टकळीवर निघे, सुताचं कापड उभ्या मागावर. 'ओडिसी'तली राणी पेनेलोपीसुद्धा मागावर बसते. राणी असो की दासी, सूत कुणालाच सुटलं नव्हतं.

ग्रीक आणि आपण, संबंध काय? संबंध आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत 'पेरिप्लस' हा सागरी प्रवासाचा ग्रंथ लिहिला. त्यात पैठणसोबत 'तगर' येतं. तगर म्हणजे लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. तिथलं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई, असं तो लिहितो. माल लिहिला, बंदर लिहिलं. सूत कुणी कातलं, ते लिहिलं नाही. खरं तर एका मागाला पुरेल एवढं सूत टकळीवर काढायचं तर कितीतरी हात राबावे लागतात.

हे हात कुणाचे, हे आपल्याकडं एका ग्रंथात सापडतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. विधवा, अपंग बाया, संन्यासिनी, म्हाताऱ्या दासी यांच्याकडून त्यानं सूत कातून घ्यावं. सूत द्यायला बाई पहाटे आली तर दिवा फक्त सूत तपासण्यापुरता. तिचं तोंड निरखलं किंवा इतर गप्पा मारल्या तर दंड. आणि मजुरी द्यायला उशीर केला तर? त्याहून मोठा दंड. मला हा नियम फार आवडतो. कारण तो मान्य करतो की हा चाळा नाही, काम आहे.

आज हे काम कुठं आहे? माझ्या आजोळीच. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर केंद्रात राष्ट्रध्वजाचं खादी कापड तयार होतं आणि नांदेडला त्याचा तिरंगा होतो. देशात असा प्रमाणित खादी ध्वज करणारी ठिकाणं मोजकीच, कर्नाटकातलं हुबळी त्यातलं एक. देशभर चरख्यावर कातणारे हात बहुतेक बायांचेच. 2022 पर्यंत त्यांना सुताच्या एका गुंडीमागं साडेसात रुपये मिळत. मग 10 झाले, एप्रिल 2025 पासून 15. दरम्यान डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरचा, पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला. तो स्वस्त पडतो. खादीचा महाग वाटतो, कारण त्यात कुणाच्या तरी हातांचे तास मोजलेले असतात. तेही कमीच.

आजी आता नाही. यंदा दिवाळीत मी वाती वळायला बसलो. तासाभरात तेवीस झाल्या, त्यातल्या निम्म्या दिव्यात घालताना सुटल्या. पाठ मात्र भरून आली.

मी मोजत होतो. आजीला मोजायची सवय कुणी लावलीच नव्हती.